थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करताय? थांबा, आधी हे वाचा

थायरॉईडची गोळी सुरू होते. दोन-तीन महिन्यांत बरं वाटायला लागतं, रिपोर्टही नॉर्मल येतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, "आता रोज कशाला गोळी? सवय लागेल." आणि गोळी बंद होते. ही चूक का महागात पडते, ते समजून घेऊ.

थायरॉईड म्हणजे नेमकं काय?

थायरॉईड हे आजाराचं नाव नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, तिचं हे नाव. तिच्यातून निघणारं हार्मोन शरीराचं सगळं काम योग्य वेगाने चालू ठेवतं.

हे हार्मोन कमी पडलं की शरीर मंदावतं. सतत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव अशी लक्षणं दिसतात. हार्मोन जास्त झालं तर उलट होतं. वजन उतरतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम सुटतो. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. त्यामुळे शेजारणीची गोळी आपल्याला चालेल असं समजू नका.

हा त्रास पुरुषांनाही होतो, पण बायकांमध्ये तो बराच जास्त आढळतो. कामाला उरक राहिला नाही की घरचे 'आळशी' म्हणून मोकळे होतात. टोमणे मारण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावं.

आकडा जास्त, तरी डॉक्टर 'कमी' का म्हणतात?

रक्तात प्रामुख्याने टीएसएच तपासतात. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. 'जास्त काम कर' असा तो थायरॉईडला निरोप असतो. म्हणून टीएसएचचा आकडा वाढला, तर बहुतेक वेळा थायरॉईडचं काम कमी झालेलं असतं.

गोळीतून हे कमी पडलेलं हार्मोन आपण बाहेरून देतो. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळेच. टँकर येतो म्हणून घरातले हंडे भरलेले असतात, त्यावरून विहिरीला पाणी आलं असं कुणी म्हणत नाही. तसंच हे आहे.

गोळी बंद केली तरी दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही. कारण या औषधाचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे एक आठवडा लागतो. त्रास हळूहळू काही आठवड्यांनी परत येतो, आणि तोवर गोळी बंद केल्याचं विसरायलाही झालेलं असतं. काही जणांचा त्रास तात्पुरता असतो, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर होणारा. पण तो तात्पुरता आहे की कायमचा, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

गोळी कशी घ्यायची?

- सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहासुद्धा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने.
- लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवा. नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही.
- डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासा.
- एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नका, पण मनाने डोस कमी-जास्त करू नका.
- बाटलीचं झाकण घट्ट लावा. ऊन लागणाऱ्या खिडकीत किंवा चुलीजवळ बाटली ठेवू नका.

गरोदरपणात जास्त जपा

पहिल्या तीन महिन्यांत पोटातलं बाळ थायरॉईडच्या हार्मोनसाठी आईवरच अवलंबून असतं. बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागतं. म्हणून दिवस गेल्याचं कळताच गोळी थांबवू नका. उलट लगेच डॉक्टरांना सांगा, कारण या काळात डोस बऱ्याचदा वाढवावा लागतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही याच काळात मिळतात. तिन्ही गोळ्यांच्या वेळा आशाताई किंवा नर्सताईंकडून कागदावर लिहून घ्या.

काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मापासूनच नीट काम करत नाही. जन्मल्यावर बाळ अगदी ठणठणीत दिसू शकतं. पण पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर पुढचं मतिमंदत्व टळू शकतं. म्हणून बाळंतपण झालेल्या दवाखान्यात 'बाळाची थायरॉईडची तपासणी झाली का?' असं जरूर विचारा. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तावरही ती होते.

मदत कुठे मिळेल?

- गावातल्या आशाताई किंवा उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांना भेटा. ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांशी मोबाईलवर विनामूल्य बोलता येतं.
- प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात टीएसएचसाठी रक्त कोणत्या दिवशी घेतात, ते विचारून जा. म्हणजे हेलपाटा वाचेल.
- जन औषधी केंद्रात ही गोळी स्वस्तात मिळते. कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.
- आरोग्यविषयक सल्ल्यासाठी राज्यात 104 हा फोन क्रमांक आहे.
- जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. गोळी घेणाऱ्या दोन-चार जणी तिथेच भेटतील. तपासणीला एकत्र जाता येईल आणि 'सवय लागेल' म्हणणाऱ्यांना उत्तरही देता येईल. ही सवय नाही, शरीरात कमी पडलेल्या हार्मोनची भरपाई आहे.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. गोळी सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)