आपलं गाणं, आपली चाल

स्वतः लिहायचं, स्वतः चाल बांधायची आणि स्वतःच गायचं, ही रीत वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज आपलीच भजनं खंजिरीवर गात गावोगाव फिरले. शेवटच्या कडव्यात ते ‘तुकड्यादास’ अशी नाममुद्रा गुंफत. रचना कुणाची, हे ऐकणाऱ्याला गाण्यातच कळे.

खंजिरी भजन स्पर्धा विदर्भात आजही रंगतात. तिथे मुख्य गायक ओळ टाकतो आणि मंडळ ती उचलतं. म्हणून ध्रुपद आखूड हवं, एका दमात म्हणता येईल असं. नव्या गीतकाराने एक रात्र तिथे बसून ऐकावंच. भजनाबाहेरही ही रीत दिसते. अमरावतीचेच सुरेश भट (१९३२–२००३) आपल्या गझला तरन्नुममध्ये, म्हणजे चालीत गाऊन, सादर करत. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी बोलीतली कविता मंचावर गाजवली.

स्वतःचं गाणं एखाद्या गीतस्पर्धेत पाठवण्याआधी हे जरूर पाहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. हक्क मिळायला नोंदणी सक्तीची नाही, मात्र ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षं धरली जाते. त्यामुळे प्रवेशअर्जातल्या बारीक अक्षरांतल्या अटी सही करण्याआधी वाचाच. शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.