फायरवॉलचा नियम बदलला, तरी नको असलेली गाडी आत कशी जाते?

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. दुपारचे सव्वादोन वाजून गेले होते. शेअर बाजार सुरू होता आणि झिरोधा, ग्रो यांसारखी ॲप अचानक गंडली. अशा वेळी पहिला संशय हॅकिंगचा येतो. पण कारण वेगळंच निघालं.

क्लाउडफ्लेअर ही कंपनी जगभरातल्या असंख्य वेबसाइटच्या दारात पहारा देते. त्यांच्या फायरवॉलच्या सेटिंगमध्ये केलेला एक बदल काही सेकंदांत जगभर पोचला आणि त्यांच्याकडून जाणाऱ्या साधारण २८ टक्के वेब ट्रॅफिकला फटका बसला. गाडी रुळावर यायला २५ मिनिटं लागली. विशेष म्हणजे सगळा खटाटोप एका नव्या धोक्यापासून वेबसाइट वाचवण्यासाठीच चालला होता.

नियम बदलायचा म्हणजे एक बटण दाबायचं, असं आपल्याला वाटतं. पण एकाच नियमाच्या नकला ठिकठिकाणी असतात. त्या सगळ्या एकसारख्या ठेवणं, तेही दोन-तीन जण एकाच वेळी बदल करत असताना, हे खरं अवघड काम आहे.

फायरवॉल आणि कॅश म्हणजे काय?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, खामगावसारख्या कापसाच्या मोठ्या बाजारपेठेतलं एक गेट आहे. हंगाम ऐन भरात, गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत. कोणत्या गाडीला आत सोडायचं आणि कोणत्या नाही, हे ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. गेटवरचा चौकीदार म्हणजे फायरवॉल, आणि ते रजिस्टर म्हणजे फायरवॉलचे नियम.

आता एमएच २८ पासिंगच्या प्रत्येक गाडीसाठी चौकीदार ऑफिसात जाऊन विचारत बसला, तर संध्याकाळपर्यंत रांग हलायची नाही. म्हणून तो एकदा विचारलेले नंबर खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवतो. तीच गाडी पुन्हा आली की चिठ्ठी बघून लगेच निर्णय. ही चिठ्ठी म्हणजे कॅश. पैशांची कॅश नव्हे, हाताशी ठेवलेली नक्कल.

कॉम्प्युटरमधल्या फायरवॉलपुढे डेटाची पाकिटं दर सेकंदाला हजारो-लाखोंनी येतात. तिथे चिठ्ठीशिवाय भागतच नाही.

मग गडबड कुठे होते?

एक, चिठ्ठी शिळी होते. ऑफिसात एका गाडीवर बंदी आली, पण चौकीदाराच्या खिशात अजून 'सोडा' असंच लिहिलेलं आहे.

दोन, एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाखाली पुसला जातो. दोन कारकुनांनी रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स काढली. एकाने आपल्या प्रतीत एका गाडीवर बंदी लिहिली, दुसऱ्याने आपल्या प्रतीत वेगळ्या गाडीला परवानगी दिली. दुसऱ्याने आपलं पान नंतर लावलं आणि पहिल्याची बंदी गायब. कुणी चूक केली नाही, कुठे लाल दिवाही लागला नाही.

तीन, ही सगळ्यात चोरटी. चौकीदार ऑफिसात गेला, 'सोडा' असं उत्तर मिळालं, तो परत निघाला. तेवढ्यात रजिस्टर बदललं आणि गेटवर निरोप गेला: 'जुनी चिठ्ठी फाडा.' मदतनिसाने चिठ्ठी फाडली. मग चौकीदार पोचला आणि डोक्यातलं जुनं उत्तर कोऱ्या चिठ्ठीवर लिहून मोकळा झाला. आता चिठ्ठी ताजी दिसते, पण मजकूर शिळा आहे. आणि फाडण्याचा निरोप पुन्हा येणार नाही.

चार, आधीच आत शिरलेली गाडी. बंदी गेटवर लागते, आत उभ्या असलेल्या गाडीला ती लागू होत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या अनेक फायरवॉलमध्ये सुरू असलेल्या जोडण्यांची वेगळी नोंद असते आणि 'आधीपासून चालू आहे ना, मग जाऊ दे' हा नियम बहुधा सगळ्यात वर असतो. त्यामुळे नवा ब्लॉक लावूनही जुनं कनेक्शन आरामात चालू राहू शकतं.

हे खरंच घडतं का?

घडतं. २० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळी. भारतात दुपारचे सव्वाबारा वाजून गेले असताना ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका क्लाउड केंद्रात बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नलसारख्या सेवा अडखळल्या. हा विषय फायरवॉलचा नव्हता, सर्व्हरच्या पत्त्यांच्या यादीचा होता. पण दुखणं तेच.

ही यादी अपडेट करणाऱ्या यंत्रणा एकापेक्षा जास्त होत्या. त्यातली एक रेंगाळली. तिने 'माझी यादी आधीच्या यादीपेक्षा नवी आहे ना' हे सुरुवातीला तपासलं होतं, पण लिहीपर्यंत ते उत्तर शिळं झालं. तिची जुनी यादी नव्या यादीवर बसली. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रणेने 'ही तर फार जुनी यादी' म्हणून ती साफ केली. शेवटी पत्त्याची जागा रिकामीच राहिली. ती माणसांना हाताने दुरुस्त करावी लागली.

यावर इलाज काय?

पहिला इलाज आवृत्ती क्रमांक. रजिस्टर बदललं की क्रमांक एकने वाढवायचा. कारकून म्हणाला, 'मी ४१व्या आवृत्तीवर बदल केलाय,' आणि टेबलावर ४२वी असली, तर त्याचं पान परत. नवं पान वाचा, पुन्हा बदल करा. चौकीदारालाही हाच नियम. ऑफिसातून ४१चं उत्तर घेऊन निघालात आणि गेटवर पोचेपर्यंत ४२ लागू झाली असेल, तर ते उत्तर चिठ्ठीवर लिहायचंच नाही. मात्र तपासणं आणि लिहिणं एका दमात व्हायला हवं. मध्ये फट राहिली, तर ॲमेझॉनसारखं होतं.

दुसरा, बदल पूर्ण किंवा अजिबात नाही. जुनं पान खोडत खोडत नवं लिहिलं, तर मधल्या क्षणी अर्धेच नियम लागू असतात. त्याऐवजी नवं पान बाजूला पूर्ण लिहायचं आणि एका झटक्यात जुन्याच्या जागी लावायचं. लिनक्सच्या जुन्या आयपीटेबल्समध्ये एकेका आदेशासाठी अख्खा तक्ता वाचून, बदलून परत लिहिला जायचा आणि एकाच वेळी दोन आदेश आले की ते एकमेकांना आडवे जायचे. मग 'आधीच्याचं होऊ दे, तोवर थांब' सांगणारं कुलूप आणावं लागलं. २०१४च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स ३.१३ पासून एनएफटेबल्स मिळालं. त्यात बदलांचा अख्खा गठ्ठा एकदम लागू होतो, नाहीतर अख्खा नाकारला जातो.

तिसरा, चिठ्ठीला मुदत. ठरावीक वेळाने ती रजिस्टरशी ताडून बघायची. एखादा निरोप चुकला, तरी चूक कायमची राहत नाही. आणि बंदी लावली की आत असलेल्या गाड्यांची नोंदही तपासायची.

मग सगळीकडे झटकन का बदलत नाहीत?

कारण झटकन पोचणारा बदल चुकीचा निघाला, तर चूकही झटकन पोचते. डिसेंबरमध्ये क्लाउडफ्लेअरचं तेच झालं. त्यांचा पहिला बदल टप्प्याटप्प्याने चालला होता. त्यात एक अंतर्गत चाचणीचं साधन आड आलं, म्हणून ते बंद करायला सगळीकडे एकदम पोचणारी यंत्रणा वापरली. त्यातून जुन्या प्रणालीतली एक लपलेली चूक जागी झाली.

हळू गेलं तर काही गेटवर जुना नियम, काहींवर नवा. घाई केली तर एक चूक जगभर. म्हणून आधी थोड्या गेटवर बदल, मग निरीक्षण, मग बाकी सगळीकडे, आणि मागे फिरायची वाट कायम उघडी, ही पद्धत बरी.

आपल्याला याचं काय?

एखाद्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात संशयास्पद पत्ता ब्लॉक झाला, पण एका तालुक्याच्या शाखेतल्या फायरवॉलवर जुनीच नक्कल राहिली, तर चोराला ती एक शाखा पुरते.

घरातही हेच. राउटरवर मुलांसाठी एखादी साइट बंद केली आणि मोबाइलवर ती तशीच चालू दिसली, तर नियम चुकलाय असं लगेच समजू नका. वायफाय बंद करून पुन्हा जोडा, गरज पडली तर राउटर रीस्टार्ट करा, मग तपासा. ऑफिसात दोघांकडे ॲडमिन पासवर्ड असेल, तर एका वेळी एकानेच बदल करायचा आणि बदल लिहून ठेवायचा.

आणि 'ब्लॉक केलंय' असं कुणी सांगितलं, की तीन प्रश्न विचारा. सगळ्या ठिकाणी केलंय का? जुन्या नकला पुसल्या का? आणि आधीपासून आत असलेल्यांचं काय केलं?