थंड धातूतून इलेक्ट्रॉन

धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढावयाचे, तर धातू तापविला पाहिजे, असे आपणांस वाटते. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरील ऊर्जेचा बांध ओलांडतात, हे खरेच. परंतु तीव्र विद्युत्क्षेत्रात हा बांध इतका पातळ होतो की, थंड धातूतील इलेक्ट्रॉनही त्यातून आरपार निसटतात. फाउलर व नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये पुंजयामिकीच्या आधारे याची उपपत्ती मांडली. यासाठी दर मीटरला काही अब्ज व्होल्ट एवढे क्षेत्र लागते. सपाट पृष्ठभागावर ते निर्माण करणे दुष्कर होय; अणकुचीदार टोकाशी मात्र क्षेत्र एकवटते. म्हणूनच काही नॅनोमीटर जाडीच्या कार्बननलिकेस माफक विद्युत्दाब पुरतो. तथापि भोवतालची पोकळी उत्तम निर्वात हवी. अन्यथा उरलेल्या वायूचे आयन आदळून तेच टोक झिजते.