नव्या करवत-मेजाची बसवणी व जुळणी

तिफणीचें दिंड मोडलें किंवा बंडीची फळी फुटली म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर सुताराच्या दारीं दोन-दोन दिवस बसून राहण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांवर आलेला आहे. यामुळें ज्यांस ऐपत आहे त्यांच्या मनांत आपल्या वाड्यांतच विजेवर चालणारें करवत-मेज बसवावें, असा विचार येतो. विचार वाईट नाहीं. पण हें यंत्र आणलें आणि चालविलें अशांतलें नव्हे.

खालीं पोलादी पेटी, तींत मोटर व पट्टे, वर बिडाचें घोटीव मेज आणि मेजाच्या चिरेंतून डोकें काढणारें दहा इंची गोल पातें, अशी याची रचना असते. अमेरिकेंतील डेल्टा कंपनीनें १९३९ सालीं ‘युनिसॉ’ या नांवानें ही घडण बाजारांत आणली. आज मिळणारीं पेटीचीं मेजें बहुतेक त्याच वळणाचीं आहेत. पातें मिनिटास ४,००० फेरे घेत असेल तर दांतांचा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटर पडतो. त्यापुढें आपलीं बोटें किती कोंवळीं, हें सांगावयास नको.

परतवाड्याच्या लिलावांतून आलेलें मेळघाटचें सागवान असो कीं बांधावरची बाभूळ असो, ओंडका या मेजावर कधींच ठेवूं नये. तो आरागिरणींतून फाडून आणावा. एक अंग व एक कड रंध्यानें सपाट केलेली फळी तेवढी या यंत्राची. पिळाचें व ओलें लांकूड कापलें तर काप मागें मिटतो आणि पातें आवळलें जातें. जुन्या अवजारांत मोडके खिळे राहतात, तेही आधीं काढावे. लांकूड कापण्याच्या यंत्रांवर वनखात्याचे निर्बंध असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर ते अधिक कडक झाले. यास्तव खरेदीपूर्वींच वनविभागाच्या कचेरींत परवान्याविषयीं विचारून घ्यावें.

आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवर नुसती फरशी टाकून यंत्र ठेवल्यास लवकरच एक पाय अधांतरीं राहतो आणि मेज डगमगूं लागतें. काळी माती उकरून मुरूम भरावा, तो चांगला ठोकून वर काँक्रीट घालावें. चारही पाय टेकले पाहिजेत. दोहों दिशांनीं पाणसळ पाहून जेथें कमी असेल तेथें पत्र्याच्या चकत्या सरकवाव्या.

तीन फेजच्या तारा जोडल्यावर एक परीक्षा अवश्य करावी. लाइनीची दुरुस्ती झाली कीं विहिरीवरचा पंप कधीं कधीं उलटा फिरतो व पाणी नीट फेंकीत नाहीं, हें आपणांस ठाऊक आहेच. करवतीच्या बाबतींत हाच उलटा फेर जिवावरचा होतो. म्हणून प्रथम पातें न बसवितां मोटर क्षणभर चालवावी. आंस वरच्या अंगानें आपल्याकडे फिरला पाहिजे. तसें नसेल तर जाणत्या वायरमनकडून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करवावी.

आतां खरें काम. वीज पूर्ण तोडून पातें बसवावें व शक्य तेवढें वर उचलावें. मेजावर पुढून मागें गेलेली एक खांच असते. पातें या खांचेस समांतर असणें हा साऱ्या जुळणीचा पाया आहे. खडूनें एका दांतावर खूण करावी. खांचेंत सरकणाऱ्या अडणीला एक लांकडी पट्टी बांधून तिचें टोंक पुढल्या बाजूस त्या दांतास जेमतेम घासेल असें ठेवावें. मग पातें हातानें फिरवून तोच दांत मागें न्यावा आणि पट्टीही मागें सरकवावी. तीच घासणी, तोच बारीक आवाज आला पाहिजे. दांत तोच हवा, कारण पातें स्वतः किंचित् वांकडें असूं शकतें आणि दुसरा दांत घेतल्यास त्या वांकाचें माप मेजाच्या पदरीं पडतें. अंतर पडलें तर मेज पेटीस आवळणाऱ्या चार बोल्टांपैकीं तीन सैल करावे, चौथा अर्धवट आवळलेला ठेवावा, व लांकडी ठोकळा आड धरून मेजास हलके ठोके द्यावे. बोल्ट पुन्हां आवळतांना मेज थोडें सरकतेंच. तेव्हां माप परत घ्यावें. मला हें पांच वेळां करावें लागलें, आणि पांचव्या वेळीं वहीच्या कागदाएवढीही फट राहिली नाहीं.

फळी जिच्या आधारानें पुढें जाते त्या आडपट्टीची जुळणी यानंतर. ती पात्यास समांतर असावी, किंवा मागील टोंकास कागदाच्या जाडीएवढी बाहेर असावी. आंत मात्र कदापि नसावी. पात्याचे मागचे दांत वर उठत असतात. आंत आलेली पट्टी फळीला त्यांवर दाबते, आणि दांत ती उचलून चालविणाऱ्याच्या अंगावर फेंकतात. पहिल्याच आठवड्यांत माझ्या हातून सागाची दोन फुटी चीप अशी सुटली, ती पाठीमागच्या पत्र्याच्या दारास भोंक पाडून गेली. मी पात्याच्या सरळ रेषेंत उभा नव्हतों, म्हणून वांचलों. तपासतां आडपट्टी मागें ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी आंत आलेली आढळली. विकणाऱ्याच्या माणसानें जोडून दिली म्हणून मी तिला गुण्याही लावला नव्हता. पात्यामागची पोलादी उभी पट्टी, जी काप मिटूं देत नाहीं, तीही मी अडचण समजून काढून ठेविली होती. ती आतां जागेवर आहे, आणि निमुळत्या चिपा ढकलण्यास हाताऐवजीं लांकडी ढकलणी आहे.

पात्याचा काटकोन गुण्यानें पाहावाच, पण खात्री कापून करावी. रुंद पट्टी उभी चिरून एक तुकडा उलटा करून दोन्ही काप एकमेकांस भिडवावे. फट दिसली तर दोष तिच्या निम्मा समजावा.

पावसाळ्यांत बिडास गंज चढतो. मेजावर मेण घासून ठेवावें व पेटींतील भुसा दर आठवड्यास काढावा. खंडेनवमीस आपण हत्यारें पुसतोंच. त्या दिवशीं पूजेपूर्वीं पाणसळ, खांचेचें माप व आडपट्टी हीं तिन्ही पुन्हां तपासून घ्यावीं, कारण तोंवर जमीन एकवार फुगून बसलेली असते.