जादा तासांचा दाम मागितला, हा गुन्हा नव्हे!

रविवारी विहारात वंदना आटोपली आणि चाकणला कंत्राटी काम करणारा एक तरुण आमच्याजवळ आला. त्याने पगाराची स्लिप पुढे केली. रोज दोन तास जादा थांबूनही ओव्हरटाईम 'सिंगल'ने लावलेला. विचारायला गेला, तर कंत्राटदार म्हणाला, "परवडत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

आम्ही हिशेब मांडला. समजा, आठ तासांची मजुरी 560 रुपये. म्हणजे तासाला 70, जादा तासाला 140. महिन्याचे 48 जादा तास धरले तर 6,720 रुपये व्हायला हवेत; हातात पडतात 3,360. बुडालेल्या निम्म्या पैशांत मुलांची फी भागली असती.

बंधूंनो, दुप्पट दाम ही कुणाची मेहेरबानी नव्हे. मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना, 1946 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. 1948 च्या कारखाने कायद्यानेही दुप्पट दर राखला. कोरोनाकाळात गुजरात सरकारने तो काढून घेतला, तेव्हा 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या. दुप्पट दर त्यांतही आहे आणि जादा कामाला कामगाराची संमती लागते.

वेतन संहितेनुसार थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो स्वतः कामगार किंवा त्याची नोंदणीकृत युनियन करू शकते. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कंत्राटदाराने बुडवले तर मूळ कंपनीला द्यावे लागतात. सूडबुद्धीने कामावरून काढणे ही औद्योगिक संबंध संहितेत अनुचित कामगार प्रथा ठरते.

पण कायदा गेटवर उभा राहून कुणाचा हात धरत नाही. तो दाद देतो, तीही नंतर. तोवर घरची चूल पेटायची असते. म्हणून एकट्याने साहेबाच्या केबिनमध्ये जाऊ नका. आल्या-गेल्याची वेळ रोज वहीत टिपा, स्लिपा जपून ठेवा. दहाजणांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्या तरुणाने पुढच्या रविवारी आणखी चौघांना आणतो म्हटले आहे. माता-भगिनींनो, घरातल्या माणसाची स्लिप आज तुम्हीही एकदा वाचा.

जय भीम!