घासू नका, बुडवा! पण काय?

चष्म्याच्या दुकानात फ्रेमचा स्क्रू टाइट करायला गेलात, की काउंटरवरचे काका बऱ्याचदा तुमचा चष्मा एका छोट्या स्टीलच्या टाकीत सोडतात. बटण दाबलं की बारीक ‘झ्झ्झ’ आवाज येतो आणि नोजपॅडच्या खाचेतून मळाचा ढग बाहेर पडतो. दोन-तीन मिनिटांत चष्मा चकाचक! ना ब्रश, ना घासाघीस. ही जादू म्हणजे अल्ट्रासॉनिक क्लीनिंग. आता ही मशीन्स ऑनलाइनही मिळतात. पण म्हणून घरातलं सगळं त्यात बुडवायचं नसतं!

आत नेमकं काय होतं?

टाकीच्या तळाला खालून ट्रान्सड्युसर चिकटवलेला असतो. वीज मिळाली की तो थरथरतो. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधलेला पिझोइलेक्ट्रिक परिणाम इथे उलट्या दिशेने वापरलेला असतो. बहुतेक मशीन्स ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे सेकंदाला ४० हजार कंपनं. आपला कान जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. मग तो ‘झ्झ्झ’? तो टाकीच्या आणि पाण्यातल्या बुडबुड्यांच्या गोंधळाचा.

या कंपनांमुळे पाण्यातला दाब सतत कमी-जास्त होतो. दाब कमी झाला की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, वाढला की ते आतल्या आत फुटतात. याला म्हणतात कॅव्हिटेशन. फुटताना बुडबुड्याच्या आत क्षणभर हजारो अंश तापमान तयार होतं. पण तो इतका छोटा असतो, की आपल्याला पाणी फक्त कोमट लागतं. वस्तूजवळ फुटणारा बुडबुडा पाण्याची बारीक पिचकारी मारतो आणि मळ सुटतो. ब्रशचा केस जिथे पोहोचत नाही, तिथे बुडबुडा पोहोचतो.

काय टाकायचं?

चष्म्याची फ्रेम, स्टीलचा घड्याळाचा पट्टा, साधी सोन्याची चेन, लॅबमधली काचेची भांडी. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर आणि इंजेक्टर असेच साफ होतात. डेंटिस्टकडची अवजारंही आधी यात धुतली जातात. मात्र धुणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. त्यासाठी ती पुढे ऑटोक्लेव्हमध्ये जावीच लागतात.

काय टाकायचं नाही?

आजीची मोत्याची नथ तर अजिबात नाही! मोती मऊ आणि थरांचा असतो, पृष्ठभाग कायमचा खराब होऊ शकतो. पोवळं आणि ओपलही दूरच ठेवा. पाचूच्या भेगा अनेकदा तेलाने भरलेल्या असतात. ते तेल निघालं की भेगा उघड्या पडतात. आधीच सैल असलेला खडा निसटू शकतो. चष्म्याच्या काचेवरचं कोटिंग सोलत असेल, तर ते आणखी सोलेल. मोबाइल किंवा अख्खं घड्याळ बुडवायचा विचारही नको. कपड्यांसाठीही हे मशीन कामाचं नाही, कारण मऊ वस्तू कंपनं शोषून घेतात.

वापरताना...

पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब पुरतात. वस्तू तळावर न ठेवता जाळीच्या बास्केटमध्ये ठेवा. पेट्रोल, थिनर, स्पिरिट ओतू नका, आग लागू शकते. मशीन चालू असताना बोटही घालू नका.

आणि घेतलेलं मशीन खरंच अल्ट्रासॉनिक आहे की नुसतं थरथरतंय? किचनमधल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात उभा धरून मिनिटभर चालवा, बोटं पाण्याबाहेर ठेवून. फॉइलवर खड्डे, भोकं पडली तर माल अस्सल. फॉइल जसंच्या तसं राहिलं, तर मशीन लगेच परत पाठवा. भोकं पडलेलं फॉइल मात्र जपून ठेवा. घरात कुणी नथ घेऊन आलं, की तेवढं दाखवलं तरी पुरे!