विद्यार्थ्यांची मोजणी चुकली नव्हती! मक्याच्या एका कणसानं प्राध्यापकालाच टाकलं कोड्यात

बारावीच्या प्रॅक्टिकलची वही आठवते? प्रयोगाचं उत्तर पुस्तकात आधीच दिलेलं असतं. आपला आकडा जुळला नाही तर बरेच जण शेजारच्याच्या वहीत डोकावतात आणि आकडा 'जुळवून' टाकतात. सरांची सही झाली की विषय संपला.

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका वर्गात असाच आकडा जुळला नाही. पण तिथल्या प्राध्यापकांनी मुलांना आकडा दुरुस्त करायला लावलं नाही. ते स्वतःच कणीस घेऊन बसले. पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या तरुणांपैकी दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. या प्राध्यापकांचं नाव रॉलिन्स ॲडम्स इमर्सन.

शेतीच्या मुलखातला मास्तर

इमर्सन यांचा जन्म 1873 चा. लहानपण नेब्रास्कात गेलं. हा सगळा भाग मक्याच्या शेतीचा. तिथल्याच विद्यापीठातून ते पदवीधर झाले आणि 1899 पासून तिथंच फळबाग-भाजीपाल्याचा विषय शिकवू लागले. सुरुवातीला त्यांचं काम घेवड्याच्या जातींच्या संकरावर होतं. मका त्यांच्या आयुष्यात आला तो मुलांच्या प्रॅक्टिकलमुळे.

1900 मध्ये मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम जगासमोर नव्यानं आले होते. आई-बापाचे गुण पिल्लात कोणत्या हिशोबानं उतरतात, हे सांगणारे हे नियम. मुलांना ते डोळ्यांनी दिसावेत म्हणून इमर्सन यांनी मक्याचं कणीस निवडलं.

कणीस म्हणजे शेकडो भावंडं

कणीस का, ते आधी समजून घेऊ. मक्याच्या कणसातून जे केस बाहेर येतात, त्यातला प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. वरच्या तुऱ्यातून परागकण उडतात आणि केसावर पडतात. तिथून परागनळी केसातून खाली जाते, तेव्हा कुठे एक दाणा भरतो. म्हणजे एका कणसावरचा प्रत्येक दाणा हे वेगळं पिल्लू. आई एकच, पण परागकण प्रत्येकाचा वेगळा. कणीस हातात घेतलं की शेकडो भावंडांची हजेरी एका जागी मिळते.

आता प्रयोग बघा. लाह्यांच्या मक्याचा दाणा वाळल्यावर गोल, गुळगुळीत राहतो. गोड मक्याचा म्हणजे स्वीट कॉर्नचा दाणा वाळला की सुरकुततो. या दोघांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गुळगुळीत येतात. तेच दाणे पेरून त्या झाडाचे पराग त्याच झाडाच्या केसांवर टाकले की पुढच्या कणसावर दोन्ही प्रकारचे दाणे दिसतात.

हिशोब सोपा आहे. दोन नाणी एकदम उडवा. दोन्हींवर काटा पडण्याची शक्यता चारात एक. तसंच, आईकडूनही 'सुरकुतण्याचं' जनुक आणि परागाकडूनही तेच, असं चारात एकदा घडतं. त्यामुळे 400 दाण्यांत 100 च्या आसपास दाणे सुरकुतलेले निघायला हवेत. पुस्तकातलं उत्तर हेच.

आकडा जुळेना

मुलांनी दाणे मोजले. सुरकुतलेले दाणे चौथ्या हिश्श्यापेक्षा बरेच कमी भरले. एखाद्याची मोजणी चुकली असती तर कुणाचे कमी, कुणाचे जास्त आले असते. इथं घट एकाच बाजूला होती.

कुठल्याही मास्तरांच्या तोंडी पटकन येणारं वाक्य म्हणजे 'नीट मोजा'. इमर्सन यांनी तसं करून विषय मिटवला नाही. मुलांचा आकडा खरा धरला आणि कणसात काय घडतंय ते शोधायला घेतलं. याच कोड्यानं त्यांना मक्याकडे ओढलं, असं त्यांच्या पुढच्या काळातल्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलं आहे.

उत्तर एका दिवसात सापडलं नाही. अनेक संशोधकांच्या कामातून ते हळूहळू उलगडलं आणि 1934 मध्ये इमर्सन यांनीही त्याच जनुकावर शोधनिबंध लिहिला. उत्तर असं: लाह्यांच्या अनेक जातींमध्ये परागाशी संबंधित एक खास जनुक असतं. संकराच्या कणसावर ते जनुक असलेला परागकण शर्यत जिंकतो आणि नसलेला मागे पडतो. सुरकुतण्याचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर बसलेलं. मागे पडणाऱ्या परागकणांसोबत बहुतेक वेळा गोडपणाचं जनुकही मागे राहतं. म्हणून सुरकुतलेले दाणे कमी.

म्हणजे मेंडेलही चुकले नव्हते आणि मुलंही. पुस्तकात फक्त परागांची ही शर्यत लिहिलेली नव्हती.

हातात आलेलं वाटून टाकणारा गुरू

1914 मध्ये इमर्सन न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात पीक-पैदास विभागाचे प्रमुख झाले आणि 1942 ला निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. त्यांच्याभोवती तरुणांचा मोठा गट जमला.

त्यातला एक जॉर्ज बीडल. नेब्रास्कातल्या वाहू गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. तोही शेतीच करायचा, पण शाळेतल्या शिक्षकांनी विज्ञानाची गोडी लावली आणि कृषी महाविद्यालयात जायला तयार केलं. तिथून तो कॉर्नेलला इमर्सन यांच्याकडे मक्यावर काम करायला आला. 1958 मध्ये जनुकांच्या कामाबद्दल त्याला नोबेल विभागून मिळालं.

दुसरी बार्बरा मॅक्लिंटॉक. तिची डॉक्टरेट कॉर्नेलच्याच वनस्पतिशास्त्र विभागातली, पण काम मक्यावरच आणि याच गटासोबत. मक्याची दहा गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळी ओळखता येतात, हे तिनं दाखवलं. त्या काळी बाईमाणसाला विद्यापीठात कायमची नोकरी मिळणं फार अवघड होतं. तिचं काम थांबू नये म्हणून 1934 च्या सुमारास रॉकफेलर फाउंडेशनकडून पैसे मिळवण्यासाठी इमर्सन यांनी खटपट केली. मॅक्लिंटॉक यांना 1983 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, नोबेल मिळालं.

इमर्सन यांची आणखी एक सवय. संशोधक सहसा आपला शोध छापून येईपर्यंत झाकून ठेवतात. इमर्सन यांनी उलट केलं. 1928 च्या शेवटी न्यूयॉर्कच्या एका परिषदेत त्यांनी मक्यावर काम करणाऱ्यांना आपल्या हॉटेलच्या खोलीत बोलावलं आणि कामं वाटून घेण्याचं ठरवलं. पुढच्याच वर्षी त्यांचं पत्रक निघालं. न छापलेली माहितीसुद्धा त्यात सर्वांसाठी खुली. 1932 पासून या सहकाराला पक्कं रूप आलं आणि बियाणंही एकमेकांना मिळू लागलं. मक्याच्या वेगवेगळ्या जनुकांचं बियाणं जपणारं ते केंद्र आज इलिनॉय राज्यात आहे आणि संशोधकांना बियाणं पुरवतं.

गुरूचा प्रश्न, पुढच्या पिढीचं उत्तर

1914 मध्येच इमर्सन यांनी दाण्यांवर लाल पट्टे असलेल्या मक्याबद्दल लिहिलं होतं. पट्ट्यांचं जनुक मध्येच बदलतं, स्थिर राहत नाही, हे त्यांनी मोजून दाखवलं. कारण मात्र त्या वेळी कळलं नाही. 1940 च्या दशकात मॅक्लिंटॉक यांनी दाखवलं की जनुकांचे काही तुकडे गुणसूत्रावर जागा बदलतात, उड्या मारतात. लाल पट्ट्यांमागेही असाच उडी मारणारा तुकडा असल्याचं नंतर स्पष्ट झालं. तोवर इमर्सन हयात नव्हते. 1947 मध्ये त्यांचं निधन झालं होतं.

आपल्या शेतात याचा उपयोग काय?

- प्रत्येक दाण्याचा परागकण वेगळा असल्यानं स्वीट कॉर्नजवळ साधा मका असेल तर त्याचे पराग येऊन काही दाणे त्याच हंगामात गोड न होता पिठूळ होतात. दोन्ही लावायचे तर लांब लावा, नाहीतर तुरे येण्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर राहील अशी पेरणी करा.
- संकरित मक्याचे दाणे ठेवून पुढच्या वर्षी पेरले की गुण विखुरतात. झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पादन घटतं. नाण्यांचा वरचा हिशोब इथंही लागू पडतो.
- ज्या लाह्यांच्या जातींत ते खास जनुक दुहेरी असतं, त्यांच्या कणसावर साध्या मक्याचा पराग सहसा चालत नाही. बियाणं तयार करणारे याचा फायदा घेतात.

आणि घरात विज्ञान शिकणारं पोर असेल तर एवढं सांगा: वहीतला आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर खोडू नकोस. आधी पुन्हा मोज. तरीही तोच आला तर तसाच लिही आणि बाईंना, सरांना जाऊन विचार. नेब्रास्कातल्या त्या मुलांनी आकडा जुळवून दिला असता, तर त्यांच्या सरांना शोधायला काही उरलंच नसतं.